प्रोटीन चिप काय सांगते, काय सांगत नाही

मधुमेहाच्या रुग्णांना 'एचबीएवनसी' चाचणी चांगलीच परिचयाची असते. तिच्यात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. प्रथिन तयार झाल्यावर त्यात होणाऱ्या रासायनिक बदलाचं हे सर्वांत ओळखीचं उदाहरण. ही साखर आपोआप चिकटते. फॉस्फेट, अ‍ॅसिटिल, युबिक्विटिन यांसारख्या खुणा मात्र पेशीतली विकरं (एन्झाइम) जोडतात आणि काढतातही. कोणतं विकर कोणत्या प्रथिनावर खूण करतं, हे हजारो प्रथिनांवर एकदम तपासायचं साधन म्हणजे प्रोटीन मायक्रोअरे, अर्थात प्रोटीन चिप.

गैरसमज : जनुक वाचलं की प्रथिनाबद्दल सगळं कळतं.

वस्तुस्थिती : जनुकावरून अमिनो आम्लांचा क्रम कळतो. त्यांपैकी कशावर केव्हा फॉस्फेट बसेल, हे पेशीच्या त्या वेळच्या स्थितीवर ठरतं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी 1950च्या दशकात स्नायूंतल्या ग्लायकोजेन तोडणाऱ्या विकराबाबत हे दाखवून दिलं. फॉस्फेट बसलं की ते विकर कामाला लागतं, निघालं की मंदावतं. या शोधासाठी दोघांना 1992चं नोबेल मिळालं.

गैरसमज : प्रोटीन चिप म्हणजे डीएनए चिपचाच एक प्रकार.

वस्तुस्थिती : दोन्हींत काचेवर ठिपके असतात, साम्य तेवढंच. डीएनएचा धागा जोडीच्या धाग्याला चिकटतो, एवढ्यावर डीएनए चिपचं काम भागतं. प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं आणि घडी मोडली तर ठिपका निरुपयोगी. म्हणून प्रत्येक प्रथिन वेगळं तयार करून, शुद्ध करून, जपून छापावं लागतं. 2001 साली मायकेल स्नायडर यांच्या गटानं यीस्टच्या जवळपास सगळ्या, म्हणजे सुमारे 5,800 प्रथिनांची अशी चिप तयार केली. फॉस्फेट जोडणारं विकर तपासायचं असेल, तर ते किरणोत्सारी फॉस्फेट असलेल्या एटीपीसोबत चिपवर सोडतात आणि नंतर चिप धुतात. ज्या ठिपक्यावर किरणोत्सार उरतो, त्या प्रथिनावर फॉस्फेट बसलेलं असतं.

गैरसमज : चिपवर एका वेळी एकच विकर तपासता येतं.

वस्तुस्थिती : पेशींचा अख्खा अर्कही चिपवर ओतता येतो. 2009 साली यिफात मर्बल आणि मार्क किर्शनर यांनी विभाजनाच्या टप्प्यावर थांबवलेल्या मानवी पेशींचा अर्क हजारो मानवी प्रथिनांच्या चिपवर घातला. कोणाला युबिक्विटिन लागलं, ते प्रतिपिंडांनी हेरलं. अर्कात विकरांचे साथीदारही असल्यानं परिस्थिती पेशीच्या अधिक जवळची होते.

गैरसमज : चिपवर ठिपका उमटला, म्हणजे पेशीतही तेच घडतं.

वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. 2005 साली यीस्टच्या फॉस्फेट जोडणाऱ्या बहुतेक विकरांची चिपवर तपासणी झाली, तेव्हा 1,325 प्रथिनांवर 4,000हून अधिक नोंदी मिळाल्या. पण पेशीत विकर केंद्रकात आणि प्रथिन मायटोकॉन्ड्रियात असेल, तर त्यांची गाठच पडत नाही. चिप शक्यता दाखवते. खातरजमा पेशीतच करावी लागते.

गैरसमज : मास स्पेक्ट्रोमेट्री आल्यावर चिपची गरज उरली नाही.

वस्तुस्थिती : पेशीतल्या प्रथिनावर नेमकी कुठे खूण आहे, हे मास स्पेक्ट्रोमेट्री उत्तम सांगते; ती कोणत्या विकरानं केली, हे सहसा सांगत नाही. तिथे चिप कामी येते. 2009 साली चिपवर एनयूए4 या अ‍ॅसिटिल जोडणाऱ्या विकर-संकुलाची नवी लक्ष्यं सापडली. त्यांत पेशीला ग्लुकोज तयार करायला मदत करणारं पीसीके1 होतं. खुणेच्या जागा मास स्पेक्ट्रोमेट्रीनं दाखवल्या. पुढे त्यांपैकी 514व्या स्थानावरच्या लायसिनचं अ‍ॅसिटिलीकरण पीसीके1च्या कामासाठी अत्यावश्यक असल्याचं यीस्टमध्ये सिद्ध झालं. मानवी यकृताच्या कर्करोग-पेशींतही पीसीके1वरचं अ‍ॅसिटिल आणि ग्लुकोजनिर्मिती, दोन्ही एनयूए4च्या मानवी भावंडावर अवलंबून असल्याचं आढळलं.

चिप, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि जिवंत पेशी या तिघांची साक्ष जुळली, तेव्हाच तो निष्कर्ष भक्कम ठरला. 'चिपवर शेकडो नवी लक्ष्यं सापडली' अशी बातमी वाचताना म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा : त्यांपैकी किती पेशीत तपासली?