बांभोरीचं ठिबक, डॉलरचं कर्ज

जळगाव म्हटलं की केळी, भरीत आणि सोनं. त्यात एक भर घाला. फेब्रुवारी 2017 मध्ये ठिबक सिंचनाचा धंदा करणाऱ्या इथल्या जैन इरिगेशनने परदेशी बाजारातून 20 कोटी डॉलर उचलले. पाच वर्षांचे हरित रोखे, व्याज 7.125 टक्के. कारखाना बांभोरीला, रोखे काढणारी उपकंपनी नेदरलँड्सची!

तेव्हा डॉलर सुमारे 67 रुपयांना, म्हणजे कर्ज साधारण 1,340 कोटींचं. 2022 उजाडलं तेव्हा डॉलर 75 च्या आसपास. एक पैसा नव्याने न उचलताही मुद्दल 1,500 कोटींवर!

आता खरी गंमत. असे डॉलर आले की धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या बाजारपेठेत पैसा खेळू लागतो का? बाहेरच्या कर्जातून बाहेरचंच देणं फेडलं, तर देशातल्या पैशात काहीच भर नाही. डॉलर इथे आणून बँकेला विकले आणि बँकेकडून ते रिझर्व्ह बँकेने घेतले, तरच नवे रुपये बाजारात येतात. मधल्या मध्ये एखाद्या आयातदाराने उचलले, तर डॉलर जरा नरमतो. बस्स.

नवे रुपये फार झाले की रिझर्व्ह बँक ते शोषून घेते. एप्रिल 2004 पासून त्यासाठी खास सरकारी रोखे विकले जाऊ लागले. त्यांतून आलेली रक्कम सरकारलाही खर्चता येत नाही, नुसती पडून राहते!

2007 मध्ये डॉलरचा लोंढा आला. ऑगस्टमध्ये फर्मान निघालं: 2 कोटी डॉलरपेक्षा मोठं कर्ज काढायचं, तर ते खर्चही परकीय चलनातच करा. शिवाय बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा रोख हिस्सा, म्हणजे सीआरआर, वाढत वाढत ऑगस्ट 2008 मध्ये 9 टक्के. ठेवीच्या शंभरातले नऊ रुपये बिनव्याजी कुलूपबंद. डॉलर आणणार बडी कंपनी, आणि सीसी लिमिट (कॅश क्रेडिटची कर्जमर्यादा) वाढवून मागणारा जिनिंगवाला ऐकणार, ‘शेठ, जरा थांबा.’ हा न्याय काही पटत नाही.

बडे कर्जासाठी बाहेर गेले की इथल्या बँकांपुढची रांग कमी होते, हेही खरं. पण 2008 च्या शेवटी परदेशी बाजार गोठला आणि तेच बडे देशी बँकांच्या दारात परतले. जानेवारी 2009 पर्यंत सीआरआर 5 टक्क्यांवर आणावा लागला.

जैनचं पुढे काय झालं? राज्य सरकारांकडची येणी अडकली, 2019 मध्ये हप्ते थकले, मार्च 2022 मध्ये कर्जाची फेररचना झाली. मार्च 2023 मध्ये परदेशातला ठिबकचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला आणि तिकडच्या कर्जाचा मोठा भार उतरला. रिव्ह्युलिसचा मुख्य मालक कोण? सिंगापूरची टेमासेक!