ओ नसलेला ‘ओ’

एका शीर्षकातली अवतरणचिन्हं गेली कित्येक वर्षं माझा पिच्छा सोडत नाहीत. ३ मे १९५२च्या ‘लॅन्सेट’मधलं जेमतेम दोन पानांचं टिपण. विषय, ए-बी-ओशी नातं असलेलं एक ‘नवं’ रक्तगट-लक्षण. ‘नवं’ हा शब्द अवतरणात घातलेला. लेखक सात. पहिले तिघे मुंबईचे: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया. पुढचे चौघे लंडनचे: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स.

एक रुग्ण रेल्वे अपघातातला, दुसऱ्याला भोसकलेलं. दोघांच्या पेशी ना अँटी-एने गोळा होत, ना अँटी-बीने. म्हणजे गट ‘ओ’. पण त्यांच्या सीरममध्ये ‘ओ’ गटाच्याच पेशी टाकल्या, तर त्यांच्याही गुठळ्या! ‘नमुना खराब झाला’ म्हणून नळी मोरीत ओतणं किती सोपं होतं. भेंड्यांनी ती ओतली नाही, आणि मला या माणसाचं मोठेपण तिथंच दिसतं.

ही तपासणी मला एका रक्तपेढीतल्या मैत्रिणीने दाखवली होती. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली काचेची नळी, तळाशी मसुराएवढं लाल बटण. तिने नळीला हलकीशी टिचकी मारली. एरवी बटण धुरासारखं विरतं. हे अख्खंच्या अख्खं उठलं आणि तरंगत राहिलं.

ए आणि बी या शर्करा ज्या पायावर चढतात, तो पाया म्हणजे ‘एच’. ‘ओ’वाल्यांकडे नुसता पाया असतो, या माणसांकडे पायाच नाही. त्यामुळे त्यांचं शरीर एचविरुद्ध प्रतिपिंडं बाळगून असतं आणि त्यांना ‘ओ’ रक्तही मारक ठरतं. चालतं ते फक्त त्यांच्यासारख्याच, म्हणजे ‘बॉम्बे गटा’च्या माणसांचं. नुसत्या अँटी-ए, अँटी-बीवर गट ठरवला, की कार्डावर बिनधास्त ‘ओ’ लिहिलं जातं. सीरमची उलट तपासणी ‘ओ’ पेशींसह केलीच पाहिजे. तिला फाटा देणं मला अक्षम्य वाटतं.

हे चुकीचं ‘ओ’ घरातही घाव घालतं. वडील ‘ओ’, आई ‘ए’ आणि मूल ‘एबी’ निघालं, की संशयाची सुई आईकडे वळते. वडिलांचा बी जनुक शाबूत असतो, पायाअभावी तो फक्त दिसत नाही. असा दडलेला बी पुढच्या पिढीत उमटलेलं एक कुटुंब फिलिप लेव्हिन यांनी १९५५मध्ये अमेरिकेतून नोंदवलं.

जनुकीय उलगडा १९९०च्या दशकातला. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एफयूटी-१ नावाचा जनुक आहे. भारतीय बॉम्बे गटात त्यातल्या ७२५व्या जागी टी ऐवजी जी येतो आणि पाया बांधणारं विकर निकामी होतं. शेजारचा एफयूटी-२ तर मुळातूनच गायब. तो असता, तर लाळेत तरी एच उतरला असता. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९५२मध्ये लाळ तपासली होती आणि तिच्यातही एच नव्हता. त्याचं कारण पंचेचाळीस वर्षांनी, १९९७मध्ये कळलं.

हाच जोड-दोष हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, भारतातून मजुरीला गेलेल्यांच्या वंशजांत सापडला. त्याच बेटावरच्या गोऱ्या कुटुंबांतही एचची उणीव आहे, पण तिथं बिघाड वेगळा, ३४९व्या जागी. नळीत दोन्ही घराणी जवळजवळ सारखीच दिसली असती. जनुकाने त्यांच्या बोटी वेगळ्या केल्या.

मुंबईत साधारण ७,६००त एक, युरोपात दहा लाखांत एखादा. इतका फरक का? मला या संशोधनातलं सर्वात जवळचं वाटलेलं पान इथलं आहे. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२मध्ये बॉम्बे गट आणि नात्यातली लग्नं यांचा संबंध तपासला. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारा आपला समाज! एकाच पणजीचा दोष दोन वाटांनी येऊन एका पतवंडात भेटायला याहून सोयीची रीत नाही. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलात हा गट उतरण्याची शक्यता चारात एक.

म्हणून असा रुग्ण सापडला, की मैत्रीण नातेवाइकांना आधी विचारते, ‘सख्खी भावंडं किती?’ आणि तेवढ्या रिकाम्या नळ्या स्टँडवर मांडायला घेते.