मुंबईची रात्र वाचली, दिवसाचं काय?

१८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची मुंबईवारी त्यामुळे बरीचशी थांबली. वेळ वाचला यात वाद नाही. पण मुंबईला जाताना रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बर्थवर फाईल वाचून व्हायची आणि मध्ये कुणी पक्षकार येऊन बसायचा नाही. तेवढा निवांत वेळ आता डायरीत लिहून राखावा लागतो.

एक शहर, दोन बोर्ड

सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, तर जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला. अंतर थोडंच, पण एकाच वेळी दोन्हीकडे पुकारा झाला, तर कितीही जोरात गाडी हाणून उपयोग नाही. आदल्या संध्याकाळी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पाहावेत. स्वतः कुठे उभं राहायचं, ज्युनिअरला कुठे पाठवायचं हे तेव्हाच ठरवावं आणि त्याच्या हातात फाईलही तेव्हाच द्यावी. सकाळी पार्किंगमध्ये दिलेल्या फाईलवर बिचारा तहकुबीच मागणार. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देता येत नाहीत. हे कितपत पाळलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या भरवशावर आठवडा आखू नये.

तारखेआधी मुदत

तारीख पुढे जाते, मुदत जात नाही. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस. ते उलटले की महिन्याच्या आत फिर्याद. पक्षकार मात्र निकालाचा कागद घेऊन विसाव्या-पंचविसाव्या दिवशी उगवतो, कारण दरम्यान ‘घरात चर्चा’ चाललेली असते. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा. नक्कल मिळायला लागणारे दिवस मुदतीतून वगळले जातात. डायरीत शेवटच्या दिवसाबरोबर त्याच्या आठवडाभर आधीचा दिवसही लाल शाईने लिहावा.

‘साहेब, आमचं काय झालं?’

दिवस खाणारा खरा प्रश्न हा. चंदगडहून पहाटेची एसटी पकडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारे घेऊन आलेल्या माणसाला ‘पुढची तारीख पडली’ एवढंच ऐकायला मिळालं, तर तो दर दोन दिवसांनी फोन करणारच. त्यात त्याची चूक नाही. प्रकरण दाखल होऊन सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक पडला की लगेच तो त्याला लिहून द्यावा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख त्याच्या मुलाला घरबसल्या दिसते. कोर्टातून निघताना दोन ओळी पाठवाव्यात : आज काय झालं, पुढे काय होणार, तुम्ही यायचं की नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण साक्ष नसताना उगाच मारलेल्या खेपेत त्याचाही रोज बुडतो. सविस्तर बोलायला संध्याकाळची ठरावीक वेळ द्यावी आणि त्या वेळेला आपण ऑफिसात असावं.