घड्याळ ताजं, वेळापत्रक शिळं

गेल्या वर्षी लग्नसराईत आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी चुकली, आणि ती माझ्यामुळे चुकली.

काका-काकू इंदूरला निघाले होते. काकांच्या भाचीचं लग्न होतं, म्हणजे काका नवरीचे मामा! मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. पुण्यातल्या मुलानं तिकीट काढून मोबाइलवर पाठवलं होतं. काकांनी त्यात गाडीचा नंबर, डबा आणि बर्थ तेवढा पाहिला. स्टेशन आणि वेळ पाहायला मात्र ते फ्रिजपाशी गेले. तिथे २०१९ मध्ये मी सोसायटीतल्या मंडळींसाठी केलेला तक्ता चिकटवलेला होता: 'बडोद्याहून सुटणाऱ्या उपयोगी गाड्या'. रंगीत रकाने, ठळक अक्षरं. त्यात त्या गाडीपुढे लिहिलं होतं, 'वडोदरा जंक्शन'.

दोघं सामान घेऊन सयाजीगंजच्या स्टेशनवर वेळेच्या बरेच आधी जाऊन बसले. गाडी तिकडे छायापुरीहून निघून गेली.

झालं होतं असं. अहमदाबादहून रतलाम, उज्जैनकडे जाणाऱ्या गाड्या पूर्वी बडोद्याला येत, इथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावलं जाई आणि गाडी उलट फिरे. छाणीकडे छायापुरी स्टेशन सुरू झाल्यावर अशा काही गाड्या तिथेच थांबून थेट गोध्र्याकडे जाऊ लागल्या. तिकिटावर स्टेशनचं नाव बरोबर छापलेलं होतं. माझ्या तक्त्यात ते जुनं राहिलं होतं.

शेवटी टॅक्सी करून रात्रभर प्रवास झाला. सीमांतपूजन चुकलं, मुहूर्त मात्र गाठला. परत आल्यावर मी माफी मागायला गेलो. काका रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, तुझा कागद इतका नीटनेटका होता, की शंका यावी तरी कशी?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि का कोण जाणे, मला दिल्लीच्या मामांचा टीव्ही आठवला.

माझ्या वयाच्या वाचकांपैकी काहींना रिमोटवरचं 'टेक्स्ट' हे बटण आठवत असेल. ते दाबलं की चित्र जाऊन काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरं यायची. हे टेलिटेक्स्ट. बीबीसीनं १९७४ साली 'सीफॅक्स' नावानं ही सेवा सुरू केली आणि ती २०१२ पर्यंत चालली. आपल्या दूरदर्शननं १९८५ मध्ये दिल्लीत 'इनटेक्स्ट' सुरू केलं. बातम्या, हवामान, विमान-रेल्वेच्या वेळा, असं सगळं त्यात असे. इंटरनेट घराघरांत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आम्ही सुट्टीत दिल्लीला गेलो की मामा कौतुकानं ती पानं दाखवायचे. पण आम्हाला घ्यायला स्टेशनवर येताना ते आधी चौकशीला फोन करायचेच. "टीव्हीवर दिसलं म्हणजे खरंच असं नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

इंजिनिअर झाल्यावर मी ही यंत्रणा नीट समजून घेतली, तेव्हा मामांचं म्हणणं पटलं. टीव्हीच्या चित्रात दोन फ्रेमच्या मध्ये काही रेघा रिकाम्या जात. त्या रेघांतून ही अक्षरं पाठवली जात, एका ओळीत चाळीस. पानं एकामागून एक फिरत राहत आणि आपलं पान येईपर्यंत वाट पाहावी लागे. पान क्रमांकाला चांगलं संरक्षण होतं. त्यात एक बिट बिघडला तर टीव्ही तो स्वतःच दुरुस्त करी. मजकुराला मात्र एकच पहारेकरी. सात बिटांचं अक्षर आणि आठवा बिट फक्त 'एक'ची संख्या विषम ठेवण्यासाठी. एक बिट उलटला की संख्या सम होई, टीव्हीला चूक कळे आणि ते अक्षर तो घेत नसे. पण दोन बिट उलटले तर संख्या पुन्हा विषम! पहारेकरी गप्प. '१' आणि '२' या आकड्यांत नेमका दोनच बिटांचा फरक आहे. म्हणजे सिग्नल खराब असला तर ११:४० ची गाडी पडद्यावर १२:४० ची होऊ शकते, आणि दिसायला काहीच वावगं नाही. १२:९० झालं असतं तर कुणीही हसून फोन उचलला असता.

पण ही तरी यंत्राची चूक. अँटेना सरळ केली की सुटणारी. खरी गोम वेगळीच होती. प्रत्येक पानाच्या वरच्या ओळीत उजवीकडे घड्याळ असायचं आणि ते सेकंदासेकंदानं पुढे सरकायचं. ही ओळ पानासोबत सतत ताजी येत राही. खालचा मजकूर मात्र कुणीतरी हातानं बदलेपर्यंत तसाच. मजकूर कालचा असो की मागच्या महिन्याचा, वर घड्याळ आत्ताचंच. पाहणाऱ्याला वाटणार, सगळंच आत्ताचं आहे. त्यात ही सेवा एकतर्फी. कोणतं पान कोण वाचतंय हे पाठवणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. वाचक कमी झाले, तक्रारी थांबल्या, की पान शिळं झालेलंही कळत नाही.

आता माझा तक्ता आठवा. त्यात एकही बिट बिघडलेला नव्हता. मी भरलं तेव्हा सगळं बरोबरच होतं. पण त्यावर तारीख नव्हती. मी तो व्हॉट्सअॅपवर टाकला, लोकांनी पुढे पाठवला, आणि दर वेळी त्याच्याखाली व्हॉट्सअॅपनं त्या दिवसाची ताजी वेळ छापली. टेलिटेक्स्टचं तेच घड्याळ! बाबांच्या कपाटातल्या रेल्वेच्या जुन्या टाइमटेबलवर निदान मुखपृष्ठावरच लिहिलेलं असे, जुलै अमुकपासून लागू. पुढच्या जुलैत ते आपोआप रद्दीत जाई.

आपल्या बडोदेकरांपुरतं बघितलं तरी किती बदललंय. डिसेंबर २०१० मध्ये गाड्यांचे नंबर चार आकड्यांवरून पाच आकड्यांवर गेले. चार आकडी नंबर असलेला कागद दिसला की तो बिनदिक्कत फाडा. मुंबईच्या मंडळींची रात्रीची लाडकी वडोदरा एक्सप्रेस पूर्वी मुंबई सेंट्रलहून सुटून बडोद्याला संपायची. जानेवारी २०२१ मध्ये केवडियापर्यंत रेल्वे पोचली, आणि आता हीच गाडी दादरहून सुटून एकतानगरपर्यंत जाते. म्हणजे स्टेशन चुकू शकतंच, शिवाय 'शेवटचं स्टेशन आहे, उठवतील कुणीतरी' या भरवशावर झोपलात तर डोळे एकतानगरला उघडतील! गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना तर माहीतच आहे, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच निराळं असतं.

काकांच्या प्रसंगानंतर मी तक्ता नव्यानं केला. सगळ्यात वर, गाड्यांच्या आधी, मोठ्या अक्षरांत 'शेवटचं तपासलं' आणि तारीख. त्याखाली 'दोन महिन्यांनंतर हा कागद वापरू नये'. आता तो मी चित्र म्हणून पाठवत नाही, फक्त दुवा देतो. मुदत संपली आणि मी पुन्हा तपासलं नसेल तर तिथे कोरं पान दिसतं. सुरुवातीला दोघा-तिघांनी तक्रार केली, "उघडतच नाही रे!" मला बरं वाटलं. कोरं पान बघून लोक १३९ ला फोन करतात किंवा रेल्वेच्या चौकशी अॅपवर बघतात. निदान भलत्या स्टेशनवर जाऊन बसत नाहीत.

तरुण मंडळींना एकच विनंती. या रविवारी आई-बाबांच्या फ्रिजवर, कपाटाच्या दारावर, फोनच्या गॅलरीत असे किती कागद आहेत ते बघा. गाड्यांचे, एसटीचे, दवाखान्यांच्या वेळांचे. ज्यावर तारीख नाही तो काढा. आणि तिकीट पाठवताना नुसतं पाठवू नका, फोन करून सांगा, "बाबा, गाडी या स्टेशनवरून आहे."

काकांच्या फ्रिजवर आता नवा तक्ता आहे. परवा गेलो तेव्हा त्यावरच्या तारखेला त्यांनी लाल पेनानं गोल केलेला दिसला. मला म्हणाले, "आठ दिवस राहिलेत हं तुझे."