दोघांची सॅक आणि परदेशाबद्दलचे गैरसमज

माझं माहेर रोहा, सासर पेण. आम्ही दोघं पाठीला सॅक लावून व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड फिरून आलो, तेव्हापासून दोन्ही घरी एकच विचारणा होते: एवढे पैसे आणलेत कुठून? या प्रश्नाच्या पोटात बरेच गैरसमज आहेत. त्यांच्यापायी आमच्या ओळखीतली कितीतरी जोडपी घराबाहेर पडतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

पहिला गैरसमज चलनाचा. रुपयाला पावणेतीनशेच्या वर डाँग मिळतात, म्हणजे व्हिएतनाममध्ये आपण राजे, असं पुष्कळांना वाटतं. पण तिथलं खोलीभाडं आणि भाताचं ताटही तितक्याच शून्यांनी मोजलं जातं. शून्यांचा फायदा काही नाही, चूक मात्र होते. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर असतात आणि रात्रीच्या बाजारात एकीच्या जागी दुसरी सहज दिली जाते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. खर्च खरा वाढतो तो मुक्काम सारखा हलवल्याने. दहा दिवसांत सहा गावं केली की बस, टॅक्सी, नवी खोली आणि दमल्यावर समोर दिसेल ते महाग जेवण, असं सगळं सहा वेळा होतं. एका गावी चार रात्री राहिलं की तिसऱ्या दिवसापर्यंत तिथली माणसं जेवतात ती खानावळ सापडते.

‘हॉस्टेलात नवरा-बायकोने कसं राहायचं?’ हे आत्याने विचारलं होतं. बहुतेक हॉस्टेलांत दोघांसाठी स्वतंत्र खोली असते, आणि सामायिक खोलीतल्या दोन खाटांचं भाडं जोडून पाहिलं तर फरक पुष्कळदा किरकोळ निघतो. स्वस्त विमान कंपन्यांत मात्र हातातलं सामान बहुधा 7 किलोच चालतं. त्यावर गेलं की तिकीट स्वस्त राहत नाही.

कागदपत्रांचा धाक बायकांना जास्त घातला जातो. लग्नाचा दाखला नाही, नाव बदललेलं नाही, म्हणून पासपोर्ट अडेल, असं अजूनही सांगतात. डिसेंबर 2016 पासून विवाहाचा दाखला मागत नाहीत. माहेरचं नाव ठेवूनही पासपोर्ट मिळतो. 36 पानी, 10 वर्षांच्या पासपोर्टचं साधं शुल्क 1500 रुपये आहे. व्हिएतनामचा 90 दिवसांपर्यंतचा, एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर 25 डॉलरला मिळतो. थायलंड आणि मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. अशा सवलती मुदतीच्या असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या चालू आहेत का ते पाहावं. माफी म्हणजे मोकळं रान नव्हे. 1 मे 2025 पासून थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते मोफत आहे; त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

सगळ्यात जास्त पैसे आणि सुट्ट्या वाया जातात त्या हवामानाच्या गैरसमजाने. आपला पाऊस संपला की तिकडचाही संपला, असं धरून लोक दिवाळीला निघतात. बँकॉक, च्यांग माई, लुआंग प्रबांग यांच्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. तिथला पाऊस आपल्यासारखाच नैऋत्येचा. पण व्हिएतनामच्या मध्यभागी, ह्यूए आणि होई आनला, सगळं उलटं आहे. आपल्याला समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला; त्यांना समुद्र पूर्वेला आणि डोंगर पश्चिमेला. ईशान्येचा वारा समुद्रावरून पाणी घेऊन येतो आणि डोंगराला अडतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे आपल्या जुलैसारखी झड लागते. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत तेव्हा पाणी चढतं.

दुसरी फसगत मार्चमधली. उन्हाळ्यात डोंगरावर थंड असेल म्हणून उत्तर थायलंडला किंवा लाओसला जावं, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तिथे धूर भरलेला असतो. शेतातला पालापाचोळा आणि रान जाळलं जातं आणि धूर खोऱ्यात कोंडतो. ज्याने आपल्याकडे राब भाजताना पाहिलंय, डोंगरउतारावरची दळी शेती ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे ते फार मोठ्या पट्ट्यावर चालतं, एवढंच. आणि हा सगळा प्रदेश बारमाही उकाड्याचा, हेही खरं नाही. व्हिएतनाममधलं सापा सुमारे 1500 मीटरवर आहे, शेजारचं फान्सिपान शिखर 3140 मीटरहून उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. जानेवारीत तिथे स्वेटरवर भागत नाही.

जेवणाबद्दल सासूबाईंना धास्ती होती. शाकाहारी माणूस तिथे उपाशी मरतो, हे खोटं. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अनेक बौद्ध घरी तेच शिजतं. थायलंडमधल्या ‘जे’ जेवणात तर लसूणही नसतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मात्र माशांचा सॉस ताटात येतोच, कारण तिथे तो मिठाच्या जागी वापरतात. मासे खाणाऱ्या आमच्यासारख्यांना तिथलं काही परकं वाटू नये. थायलंडची ‘कापी’ आणि मलेशियाचं ‘बेलाचान’ ज्या बारीक कोळंबीपासून होतं, ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. आपण ती वाळवतो, ते मीठ घालून आंबवतात. हनोईत शरद ऋतूत कोवळा भात भाजून, कांडून हिरवे पोहे करतात, ‘कोम’ म्हणतात त्याला. पोह्यांच्या पापडांसाठी नाव असलेल्या पेणमधून गेलेल्या मला तो पहिला घास ओळखीचा लागला.

एका गोष्टीत मात्र लोकांना भीती वाटायला हवी, ती वाटत नाही: भाड्याची स्कूटर. पेणच्या आरटीओतून 1000 रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, मग तो सगळीकडे चालणारच, असं आम्हीही धरून चाललो होतो. भारताचा परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा आहे. थायलंड तो मानतं. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराखालचाच मानतं. तिथे भाड्याने देणारा परवाना विचारतही नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. व्हिएतनामच्या हा झांग भागातल्या घाटांत स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं. आम्ही तसंच केलं, दोघांसाठी दोन गाड्या, दोन चालक.

आणि बँकॉकचं नाव काढलं की चेहरे बदलतात. बायकोला घेऊन थायलंड? या प्रश्नाचं उत्तर मी बोलून देत नाही, फोटो दाखवते. बँकॉकच्या पूर्वेला, ख्लोंग ख्वेअनला, 39 मीटर उंचीची उभ्या गणपतीची कांस्यमूर्ती आहे, हातांत ऊस, केळी, फणस आणि आंबा. आमच्या आळीतल्या मूर्तिकार काकांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला. त्यांनी उंची विचारली नाही. डोळ्यांची आखणी कशी केलीय, ते आधी पाहिलं.