हेमंतातील घाटवाटा आणि सायकलस्वार

अलीकडे हिवाळ्याच्या पहाटे जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे गट दिसू लागले आहेत. कोणी नाशिकहून त्र्यंबकेश्वर व तोरंगण घाटमार्गे मोखाड्यात उतरतात, तर कोणी कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करीत सूर्यमाळच्या चढाला लागतात. रुंद चाकांच्या सायकली असल्याने बैलगाडीच्या वाटाही त्यांना वर्ज्य नाहीत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. हा छंद आता केवळ पोरासोरांचा राहिलेला नाही. चाळिशी-पन्नाशीतील मंडळीही त्यात उतरली आहेत. बधिर बोटे, कोरडा खोकला, आखडलेली मान घेऊन ती आपल्याच दारी येतात, आणि निघण्यापूर्वी ‘थंडीचे काहीतरी तेल द्या’ म्हणून औषधी दुकानातही डोकावतात. म्हणून हा विषय व्यवसायबंधूंपुढे मांडावासा वाटला.

थंडीपेक्षा खरा प्रश्न घामाचा आहे. चढावर सायकलस्वार घामाने निथळतो आणि माथ्यावर पोहोचताच त्याच ओल्या अंगाने वेगाने खाली सुटतो. स्वेदनानंतर रुग्णास निवाऱ्यात ठेवावे, वारा व गारवा लागू देऊ नये, हा पंचकर्मातील साधा दंडक आपण रोज पाळतो. घाटातील सायकलस्वार नेमके याच्या उलट करीत असतो. आधुनिक गणिताने पाहिले तरी, हवा १० अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला लागला, तर गारवा सुमारे साडेसहा अंशांसारखा भासतो. अंगावरचा कपडा ओला असेल तर शरीराची उष्णता त्याहूनही झपाट्याने जाते. तेव्हा वस्त्रयोजना करावयाची ती उताराचा विचार करून.

येथे आपल्या ग्रंथांतील एक बारकावा उपयोगी पडतो. हेमंतचर्येत चरकाचार्यांनी जड आणि उष्ण वस्त्रे सांगितली आहेत. वाग्भटाचार्यांनी मात्र, शयनाच्या संदर्भात का होईना, स्वभावतः उष्ण पण वजनाने हलकी अशी पांघरुणे सांगितली. सायकलस्वारास वाग्भटमतच मानवते, असे आमचे मत आहे. एकच जाड स्वेटर चढावर सोसवत नाही आणि उतारावर वारा अडवीत नाही. त्याऐवजी तीन पातळ थर असावेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, लवकर वाळणारा कपडा. त्यावर पातळ लोकर. आणि सर्वांत वर वारा अडवणारे हलके जाकीट, जे चढावर काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवता येते. सुती गंजीफ्रॉक एरवी उत्तम, परंतु घाम धरून ठेवतो म्हणून या कामी निरुपयोगी. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर पोशाख बरोबर जमला असे समजावे. जाकीट नसेल तर माथ्यावर थांबून वर्तमानपत्राची घडी छातीवर सदऱ्याच्या आत घालावी. युरोपातील शर्यतींमध्ये नामांकित सायकलपटूंनीही हाच उपाय केलेला आहे, आणि वर्तमानपत्र खोडाळ्याच्या नाक्यावरही मिळते.

कान व कपाळ झाकणारी पातळ टोपी हेल्मेटच्या आत बसते. हातमोजे बोटे पूर्ण झाकणारे हवेत. गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. करंगळी व अनामिका बधिर होत असतील तर केवळ थंडीला दोष देऊ नये. दांड्यावर तळहात सतत दाबला गेल्याने मनगटाशी नाडीवर दाब येतो. अशा रुग्णास लेप देण्याआधी त्याची बसण्याची उंची आणि हात धरण्याची पद्धत विचारावी.

आता तेलाविषयी. हेमंतात अभ्यंग हवाच, परंतु तो वेळेवर. आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तासभर आधी तिळतेल जिरवून, उष्णोदकाने स्नान करून, अंग कोरडे पुसून मग वस्त्रे घालावीत. तेलकट अंगावर कपडे चढवून निघण्याने ऊब मिळते हा गैरसमज आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट आम्ही औषधविक्रेत्यांच्या ध्यानी आणू इच्छितो. या सायकलींना बहुधा चकतीचे ब्रेक असतात. तेलाचा हात त्या चकतीला लागला तर ब्रेकची पकड जाते आणि ते तोरंगणच्या वळणावर कळते. तेलाची बाटली देताना ‘हात साबणाने धुऊनच सायकलीला हात लावा’ एवढे वाक्य सोबत द्यावे. पुदिन्याचे सत्त्व वा गंधपुऱ्याचे तेल असलेली मलमे प्रवासाआधी देऊ नयेत. त्यांनी त्वचेला गरम वा गार असल्याचा केवळ भास होतो आणि खऱ्या गारठ्याची जाणीव बोथट होते. थंडी पळवण्यासाठी ‘थोडी ब्रँडी’ घेणारेही भेटतात. मद्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते. आपली आसवारिष्टेही निघण्यापूर्वी देऊ नयेत.

हेमंतात अग्नी प्रबळ असतो, इंधन न मिळाल्यास तो धातूंनाच पचवू लागतो. रात्र मोठी असल्याने पहाटेच भूक लागते. म्हणून उपाशीपोटी घाट चढणे हा व्यायाम नव्हे. येथील नागलीची गूळ घालून केलेली ऊनऊन पेज तासभर आधी घ्यावी, खिशात तिळाची चिक्की असावी. थंडीत तहान जाणवत नाही, तथापि घाम जातच असतो. कोमट पाणी घोट घोट घेत राहावे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे सूत्र सायकलस्वारांना पटवणे सर्वांत कठीण. सुश्रुताचार्यांनी त्याची खूण दिली आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की बलार्ध झाले. ही खूण थंडीत दुहेरी उपयोगाची. नाकाने घेतलेली हवा ऊबदार व ओलसर होऊन आत जाते. तोंडाने ओढलेली गार कोरडी हवा श्वासनलिका आकुंचित करते. तमकश्वासाचा पूर्वेतिहास असलेल्यांनी नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा, सुरुवातीची दहा मिनिटे सावकाश चालवावे आणि चालू असलेले श्वासाचे औषध सोबत बाळगावे. रक्तदाब वा हृद्रोग असलेल्यांना पहाटेचा चढ वर्ज्य सांगावा. ऊन वर आल्यावर सपाटीवर चालवण्यास हरकत नसावी.

याच रस्त्यांवर आणखी एक सायकलस्वार असतो, ज्याला कोणी सायकलस्वार म्हणत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळतात. पाड्यावरून शाळेपर्यंत पातळ गणवेशात, पायात स्लीपर घालून जाणाऱ्या मुलीला तीन थर कोठून मिळावेत? वाग्भटाचार्यांनी हेमंतात पादत्राण सर्वकाळ सांगितले आहे. तिच्यासाठी जुने मोजे, बंद बूट आणि कानाला बांधायचा रुमाल एवढेही पुष्कळ आहे. भेगाळलेल्या टाचांना घरच्याच मोहाच्या तेलात मेण वितळवून रात्री लावण्यास सांगावे. विकतच्या मलमाची गरज नाही. शहरातून येणाऱ्या गटांनी वापरून झालेले हातमोजे, मोजे, लोकरी टोप्या परतताना येथेच ठेवून जावे, अशी विनंती त्यांना करता येईल. हे साहित्य स्वीकारून जवळच्या आश्रमशाळेत पोहोचवण्यास जव्हार, मोखाडा, खोडाळा येथील औषधी दुकानांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एक खोके दुकानाच्या दाराशी ठेवावे आणि ते डिसेंबर उजाडण्यापूर्वी ठेवावे.