व्याज झेपतंय का?

कंपनीचा नफा-तोट्याचा हिशेब हातात आला की मी आधी इंटरेस्ट कव्हरेज रेशो काढतो. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा भागिले वर्षाचं व्याज. समजा नफा 30 कोटी, व्याज 10 कोटी. उत्तर 3, म्हणजे निवांत. 1 च्या खाली गेलं की व्याजासाठीही उसनवारी!

आपल्या बारामती एमआयडीसीतली आयएसएमटी बघा. बिनजोड पोलादी नळ्या बनवणारी, पण वर्षानुवर्षं कर्जाखाली दबलेली. मार्च 2022 मध्ये किर्लोस्कर फेरसने निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला, कर्ज देणाऱ्यांशी एकरकमी तडजोड झाली. कारखाना तोच, हलकं झालं ते व्याजाचं ओझं.

आणि हो, नफ्यातून घसारा वजा झालाय ना, तपासा. नाहीतर आकडा उगाच गुबगुबीत दिसतो.